घासणारं चाक

टायरवाल्याने स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं, खाली उतरला आणि पुढच्या चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा एका जागी थांबला.

"हे बघा ताई. आतले धागे दिसायला लागलेत."

बिट्टी वाकली. टायरच्या बाहेरच्या कडेचं रबर झिजून झिजून जुन्या पायपुसण्यासारखं झालं होतं. वर मडगार्डचा आतला काठ तेवढाच घासून लखलखीत झाला होता.

"रिम सोळा इंची, टायर दोनशे पाच. या गाडीच्या मानाने फार रुंद, त्यात रिम बाहेर आलेली," टायरवाला म्हणाला. "सरळ रस्त्यावर काही नाही. पूर्ण वळवलं की लागणार. आवाज येत असेल ना?"

"येतो," ती म्हणाली. "घरापाशी."

गाडी दादाची. दोन दारांची, बुटकी, बिट्टी शाळेत होती त्या जमान्यातली स्पोर्ट्स कार. कंपनीची चौदा इंची चाकं दादाला बघवत नसत. पैलवानाच्या पायात बाळाचे बूट, असं म्हणायचा. मग हौसेने ही मोठी चाकं आणून बसवली. फाटकातून आत शिरताना गाडी पार वळवावी लागे, आणि तिथे चाक घासून 'खर्र' व्हायचं. ते ऐकलं की आई हातातलं काम टाकून उठायची आणि दार उघडायची. दादाने कधी बेल वाजवल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं.

दादाला जाऊन वर्ष उलटलं. ऑफिसात, बसल्या जागी गेला. बिट्टी तेव्हा परगावी नोकरीला होती. ती आईजवळ राहायला आली आणि गाडी चालवू लागली. पहिल्याच संध्याकाळी फाटकात 'खर्र' झालं आणि दार उघडलं. आई उंबऱ्यात उभी होती. तिने बिट्टीच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि आत वळली.

तेव्हापासून रोज तेच. त्या नजरेची बिट्टीला भीती वाटू लागली. आई वाट बघते ती दुसऱ्याच कुणाची, आणि आपण तो नाही एवढंच तिला रोज नव्याने दिसतं, असं तिच्या मनाने घेतलं. पुढे पुढे तर फाटक जवळ आलं की तिला स्टिअरिंगवरचे हात आपले नाहीत असं वाटायचं, आणि गाडी थांबली की ती ते चटकन मांडीवर घेऊन बसायची.

"दोन रस्ते आहेत," टायरवाला सांगत होता. "हेच माप हवं असेल तर मडगार्डचा काठ आतून वळवून देतो. आवाज कमी होईल, पण जाणार नाही. नाहीतर पंधराची रिम घ्या, टायर थोडा अरुंद, एकशे पंच्याण्णवचा. बाहेरून उंची कंपनीच्या चाकाएवढीच भरते. स्पीडोमीटर खरं बोलेल आणि कुठे लागणारही नाही. गाडी मात्र थोडी साधी दिसेल. ज्यांनी ही बसवलीत, त्यांना एकदा विचारून घ्या."

"विचारता येणार नाही."

टायरवाल्याने तिच्याकडे बघितलं आणि हातातलं फडकं उगाच झटकलं.

"पंधरा बसवली, की आवाज पूर्ण जाईल?" तिने विचारलं.

"नावाला राहणार नाही."

जॅकवर चढलेल्या गाडीची चाकं एकेक करून निघाली. चार रिकाम्या जागा दिसल्या तेव्हा बिट्टीने मान फिरवली. थांबा म्हणावं, असं एकदा तोंडापर्यंत आलं होतं. ती म्हणाली, "पंधराच टाका."

घरी येताना स्टिअरिंग इतकं हलकं लागत होतं की तिला चुकल्याचुकल्यासारखं झालं. फाटकाशी तिने गाडी पार वळवली. काही वाजलं नाही. दार बंद होतं. या घराची बेल तिने कित्येक दिवसांत पहिल्यांदा दाबली.

आईने दार उघडलं. हात ओले, तोंडाचा रंग उडालेला.

"तू? आणि गाडी कुठे आहे?"

"ही काय मागे."

"आवाज नाही आला."

"चाकं बदलून आणली," बिट्टी म्हणाली. "मुद्दाम. रोज तो आवाज आला की तुला वाटतं, दादा आला. मला बघवत नव्हतं गं."

आई पदराला हात पुसत म्हणाली, "तो नाही हे मला कळत नाही का?"

"मग उठून येतेस ती कशाला?"

"तो गेला त्या दिवशी गाडी त्याच्या ऑफिसातल्या एका माणसाने आणली. मला तोवर कुणी काही कळवलं नव्हतं. 'खर्र' झालं, मी नेहमीसारखं हसत दार उघडलं. आणि गाडीतून उतरला परका माणूस. किल्ली अशी पुढे धरून उभा."

पदर कोरड्या हातांवरून फिरतच होता.

"तेव्हापासून आवाज आला की आधी जाऊन बघते, तूच उतरतेस ना म्हणून."

बिट्टी म्हणाली, "पुन्हा बसवू का ती चाकं?"

"नको. धागे निघाले असतील त्यांचे," आई म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून निघताना बिट्टीने घरी फोन केला. निघाले म्हणून सांगितलं. रस्ता मोकळा होता, तरी सावकाश आली. गाडी फाटकातून अलगद आत घेतली, बंद केली आणि बेल दाबली.

आतून पावलं आली आणि दाराशी थांबली. कडी निघाली नाही.

"कोण?" आईने विचारलं.

"मी."

कडी तरीही हलली नाही. बिट्टीने तळहात दारावर टेकवला.

"मी आहे, आई. मीच."