माणकचंदभाऊंच्या गादीवरचा लोड

त्या दिवशी भाऊंच्या अठाईचा, म्हणजे आठ दिवसांच्या उपवासाचा, सातवा दिवस होता. पोटात फक्त उकळलेलं पाणी. तरी ते जळगावच्या आपल्या डाळीच्या दुकानात आले, माझ्यावर रेलले आणि गिऱ्हाइकाला तुरीचा भाव सांगू लागले.

"जीभ तेवढी उपाशी नाही तुमची!" भाऊंच्या पत्नी पानबाई हसून म्हणाल्या आणि उद्याच्या, उपवासाच्या सांगतेच्या मिरवणुकीच्या तयारीला घरात गेल्या.

मग भाऊंनी लेकीला, चेलनाला, जवळ बोलावलं. "सकाळपासून अंधारी येतेय गं. तुझ्या आईला सांगू नको. एकच दिवस राहिलाय."

चेलनाने सांगितलं नाही. पहाटे भाऊ गेले.

मित्रांनो, मी त्यांच्या गादीवरचा जुना लोड. नशिराबादच्या पिंजाऱ्याने मला कापूस ठोकून ठोकून भरलं. बावीस वर्षं मी एकाच पाठीचा भार घेतला. माझ्या पांढऱ्याशुभ्र खोळीचं लोक कौतुक करत. भाऊ गेले आणि मी माळ्यावर गेलो.

तिसऱ्या दिवशी उठावणा, म्हणजे शोकसभा, झाला, दुकान उघडलं. "रडू नको, त्यांचा जीव अडकतो," असं जो तो चेलनाला सांगत होता. ती रडली नाही. पुढे ती जेवेना, बोलेना. एकदा म्हणाली, "मलाही जायचंय."

दीड वर्ष कुठलंच औषध लागू पडलं नाही. शेवटी मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर हिनांनी केटामाइन सुचवलं. भूल देण्याचं हे औषध अगदी थोडं दिलं की मन काही वेळ सैल होतं; मग बोलून उपचार करायचे. दोनदा दिलं. उजेड नको म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधलेली चेलना नुसती कण्हत राहिली. पानबाई बाहेर बाकावर माळ जपत बसल्या.

"औषध मी देईन," डॉक्टर म्हणाल्या, "पण तिला बोलायचंय ते तुमच्याशी. तिनेच तुम्हाला आत बोलावलंय. घरातली भाऊंची एखादी वस्तू आणा."

"मी काय बोलू आत?"

"काही नाही. ऐका. रडू नको, एवढं मात्र म्हणू नका."

पानबाईंनी मला नेलं. चेलनाने मला पोटाशी घट्ट धरलं. मित्रांनो, मी कापसाचा. मला भार घेता येतो, उत्तर देता येत नाही. तुम्हाला येतं. तुमच्या घरात कोणी गप्प झालं, तर त्याला माझ्यासारख्या वस्तूच्या भरवशावर सोडू नका.

औषधाचा अंमल उतरत होता. चेलनाने स्वतः पट्टी काढली.

"आई, भाऊंना अंधारी येत होती. मला माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही. मला कोणी रागावलंच नाही गं. तू तरी रागाव."