बिरोबाचा भार

हातोडा पडला तेव्हा अंबूबाई कोकरांना बाभळीच्या शेंगा टाकत होती. माळावर दगड फुटल्याचा आवाज काही नवा नव्हता. विहिरीचं काम निघालं की वडार महिना महिना फोडत बसत. पण साधा पाषाण ठणठणतो. हा आवाज बोदा होता, जड होता. असे दगड साऱ्या हुलगेवाडीत एकाच जागी होते आणि त्यांच्यावर आजवर कुणी हातोडा उगारला नव्हता. शेंगांची पाटी तिथंच टाकून ती टेकडीकडे पळत सुटली. वय पन्नाशीचं, गुडघे कुरकुरणारे. पण आईचे पाय गुडघ्यांना विचारून पळत नाहीत.

टेकडीवर बिरोबाचं ठाणं आणि ठाण्यामागं भार. भार म्हणजे पुरुषभर उंच दगडांची रास. दगड काळे, वजनदार, हात लावला तर बोटांना काजळी लागावी असे. हुलगेवाडीचे धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरायचे आणि तळकोकणात चारायचे. घरचं पोर कुठं लांब मुलखात, जिवावरच्या कामाला गेलेलं असलं, की त्याच्या आईनं येताना तिकडचा एक काळा दगड डोक्यावर घ्यायचा, मुक्यानं घाट चढायचा आणि बिरोबाच्या राशीवर ठेवायचा. पोराचं ओझं मग देवाच्या अंगावर. मात्र तो कुठून आणला हे त्या पोराच्या उभ्या जन्मात तोंडातून काढायचं नाही. काढलं की भार उतरला, पोर उघड्यावर पडलं. दुसऱ्याच्या दगडाबद्दल बोलणं तर त्याहून वाईट. तशानं साऱ्यांचाच भार उतरतो. शिकलेली माणसं याला अडाणीपणा म्हणतील. म्हणोत बापडी. ज्यांची पोरं घरी जेवतात त्यांना शहाणपण स्वस्तात मिळतं.

ते चव्वेचाळीस साल होतं. खानापूरच्या पूर्वेकडच्या या एवढ्याशा वाडीची अकरा पोरं लढाईवर होती. अंबूबाईचा एकुलता एक धुळा इटलीत होता. इटली कुठल्या दिशेला हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती रोज चारी दिशांना हात जोडायची.

धापा टाकत ती वर पोचली. सांगलीचे गंगाधरपंत दगडाचे दोन तुकडे हातात घेऊन उन्हात निरखत होते. हे सरकारी खनिज खात्यातले गृहस्थ. चार दिवसांपूर्वी तंबू घेऊन आले होते, स्वभावानं गोड, कुणालाही अहोजाहो करणारे. अंबूबाईनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिची नजर राशीवर भिरभिरली. पांढऱ्या पट्ट्याचा, भंडाऱ्याची पाच बोटं ओढलेला तिचा दगड जागच्या जागी होता.

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिला पायाशी पडलेला काळ्या लोकरीचा दोरा दिसला आणि सुटकेची लाज वाटली. तो दोरा रंगुबाईनं बांधलेला. फुटलेला दगड रंगुबाईच्या कृष्णातचा.

"सायेब, काय केलंसा ह्ये!"

"घाबरू नका बाई. नमुना घेतला फक्त. हे दगड कुठले हो?"

"देवाचं हायती," ती म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

संध्याकाळी पंतांनी चावडीत नकाशा पसरला. पोलीस पाटील नाथाजी, पहिल्या लढाईचा पेन्शनर, कंदील धरून उभा राहिला. पंत आनंदानं सांगत होते आणि त्यांचा प्रत्येक शब्द बायकांच्या काळजात खिळ्यासारखा बसत होता. या दगडाला मँगनीज म्हणतात. तो घातल्याशिवाय तोफेचं पोलाद होत नाही. देशात तो नागपूर-भंडाऱ्याकडं सापडतो, बालाघाटला सापडतो, खाली संडूरच्या डोंगरात, गोव्यात आणि तळकोकणात. आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणी-महाबळेश्वरच्या माथ्यावर, तांबड्या जांभ्यात थोडाफार, तोही मूठभर. "पण इथल्या काळ्या खडकात तो नसतो. असायलाच नको!" ते म्हणाले. "आणि टेकडीवर एवढी रास पडली आहे. म्हणजे टेकडीच्या पोटात काहीतरी वेगळं आहे. आजवर कुणाच्या लक्षात आलेलं नाही."

एवढा शिकलेला माणूस, पण देवाला दगड वाहायचे तर लोक पायाखालचेच उचलणार, असं त्यानं धरून चाललं होतं. सांगलीत लोक दुर्वा परसातूनच तोडतात ना!

"मग आता वं?" नाथाजीनं विचारलं.

"येत्या बुधवारी मजूर येतील. रास उचलून भट्टीसाठी पाठवायची आणि खाली खड्डे घ्यायचे. लढाईची निकड आहे पाटील. तुमच्याच पोरांच्या हातात तोफा जायच्या."

ज्या दगडांवर पोरांचे जीव ठेवले, तेच दगड वितळवून लढाईत ओतायचे होते. रंगुबाईनं तुटका दोरा मुठीत आवळला होता. ती सकाळपासून पाणीसुद्धा प्यायली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रामनवमी. पाळणा कुणी म्हटला नाही. बायका आणि नाथाजी रंगुबाईच्या ओसरीवर जमले आणि एकमेकांची तोंडं चुकवत बसले. मजूर आले की अकराच्या अकरा पोरांचे दगड जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. साहेबाला खरं कळलं तर तो आपल्या पायानं निघून जाईल, हेही कळत होतं.

"कुनीतरी सांगाया पायजे," रंगुबाई म्हणाली.

सांगायचं म्हणजे आपल्याच दगडाबद्दल सांगायचं. रंगुबाईचा तर फुटलाच होता, तिला आणखी बोलायला कोण लावणार? अंबूबाईनं नाथाजीकडं पाहिलं. त्याच्या आईनं त्याचाही दगड ठेवला होता. त्याच्या जोरावर तो तुर्कांच्या गोळ्यांतून परत आला, असं तो दर जत्रेत सांगायचा.

"माझा तळाला गेलाय गं," नाथाजी मिशीवरनं हात फिरवत म्हणाला. "सायबाला दावू कसा?" छातीवर बिल्ले मिरवणारा माणूस, पण बोलताना तो स्वतःच्या पायांकडं बघत होता. अंबूबाईला त्याचा राग आला नाही. ती स्वतःसुद्धा तेवढीच भ्यायली होती. आपला दगड वरच आहे, पांढऱ्या पट्ट्याचा, लांबून ओळखू येणारा, हे ओसरीवर सगळ्यांना माहीत होतं. तिच्याकडं बघायचं सगळ्यांनी टाळलं. त्या टाळण्यातूनच तिला कळायचं ते कळलं.

त्या दिवशी ती जेवली नाही. एक म्हणजे एक पोर, असं मन म्हणायचं. लगेच दुसरं मन म्हणायचं, बुधवारी तसाही त्याचा दगड जाणारच आहे. मग पहिलं मन म्हणायचं, जाऊ दे की. तो साहेब नेईल, पाप त्याचं. तू कशाला आपल्या तोंडानं? असं हे रहाटगाडगं दिवसभर चाललं. शेवटी दिवेलागणीला रंगुबाई दारात आली आणि काही न मागता नुसती उंबऱ्यावर बसून गेली.

सकाळी अंबूबाई तंबूपाशी गेली. पंत पितळीत चहा ओतत होते.

"सायेब, जरा राशीकडं चला."

वर गेल्यावर तिनं पांढऱ्या पट्ट्याच्या दगडाकडं बोट केलं. हात लावला नाही. घाट चढताना दोन दिवस ती मुकी होती, तेव्हासुद्धा बोलणं इतकं लांब गेलं नव्हतं.

"ह्यो माझा हाय," ती म्हणाली. "माझ्या धुळाचा. ह्या टेकडीचा न्हाई. मी आनलाय. तळकोकनातनं, रेडीच्या वढ्यातनं, डोस्क्यावर."

बोलून झालं आणि तिला वाटलं, आपण कुणाला तरी हातातून खाली सोडलं.

पंत तंबूत धावले आणि नमुन्यांची लाकडी पेटी घेऊन आले. रेडीकडचा तुकडा काढून त्यांनी तिच्या दगडाजवळ धरला. तोच रंग, तोच पांढरा पट्टा. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि बाकीचे?"

"बाकीच्यांचं मला इच्यारू नगासा. पाया पडते."

त्यांनी राशीकडं पाहिलं. आता त्यांना भंडाऱ्याची बोटं दिसली, लोकरीचे दोरे दिसले, एका दगडाला बांधलेला मुलाचा जुना करगोटा दिसला. सहा दिवस ते हेच बघत होते आणि त्यांना खनिज दिसत होतं.

"हे सांगणं तुम्हाला वर्ज्य होतं का?" त्यांनी विचारलं. ती पदरात तोंड घालून रडत होती. त्यांनी फुटलेल्या दगडाचे दोन तुकडे आणून राशीवर जोडून ठेवले आणि नकाशावरची लाल खूण रबरानं खोडून टाकली. दुपारपर्यंत तंबू हलला. बुधवारी कुणीही आलं नाही.

वाडी संकटातून सुटली. बायका अंबूबाईच्या घरी दूध आणून देऊ लागल्या, तिची मेंढरं न सांगता पाण्यावर नेऊ लागल्या. ती मात्र पोस्टमनच्या सायकलीची घंटा वाजली की घरात जाऊन कडी लावायची. कावळा कौलावर बसला तरी तिच्या हातातली भाकरी खाली पडायची.

वैशाखाच्या अखेरीला एकाच दिवशी दोन पत्रं आली. चावडीत नाथाजीनं चष्मा लावला. पहिलं कृष्णातचं, आसामाकडून. 'चौदा एप्रिल. मी खुशाल हाय.' दगड फुटल्यावर जवळजवळ दोन आठवड्यांनी लिहिलेलं. रंगुबाई हसली, रडली, धावत जाऊन गूळ घेऊन आली आणि पहिला खडा अंबूबाईच्या तळहातावर ठेवला.

"बघितलंस का? फुटला तरी काय झालं न्हाई. उगं घाबरलो आपन."

दुसरं पत्र धुळाचं. नाथाजीनं मोठ्यानं वाचलं: 'आई, मी खुशाल हाय. इथं थंडी लय. तुझी घोंगडी आठवती.' सगळे हसले. अंबूबाई हसली नाही.

"दाजी, तारीख वाचा."

नाथाजीनं कागद डोळ्यांजवळ नेला. मग तो बोटांवर मोजू लागला आणि मोजता मोजता थांबला.

"बावीस मार्च. म्हंजी पाडव्याच्या तीन दिस आदी."

ती बोलली होती रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी. पत्र त्याच्या आधीचं होतं. बावीस मार्चपर्यंत तिचा धुळा खुशाल होता, एवढंच त्यात लिहिलं होतं.

"अगं, कृष्णातचं बघ की," रंगुबाई तिचा खांदा धरून म्हणाली. "त्याचा तर फुटलाय. तरी पोरगं धडधाकट हाय."

अंबूबाईनं हातातला गूळ तिच्या हातात परत ठेवला.

"त्याचा सायबानं फोडला, रंगू," ती म्हणाली. "माझा मी फोडलाय."

पत्र पदरात बांधून ती घराकडं निघाली. वाटेत पोस्टमननं सायकलीची घंटा वाजवली आणि ती जागच्या जागी उभी राहिली.