पहिली बोट

मार्च २००९ मध्ये विजयकुमार सबनीसच्या कंपनीने एका आठवड्यात सत्तर माणसं कमी केली. त्यात तोही होता. चौदा वर्षं त्याने समुद्राच्या तळाची वाळू उपसून बेटं तयार करायचं काम केलं होतं. निरोपाच्या पाकिटात अनुभवाच्या पत्राबरोबर एक व्हाउचर निघालं. कंपनीनेच उभारलेल्या एका बेटावरच्या रिसॉर्टमध्ये दोघांसाठी दोन रात्री.

सुनेत्रा नको म्हणेल असं त्याला वाटलं होतं. महिन्याभरात व्हिसा संपणार, शारजात अल मजाजच्या फ्लॅटमधलं सामान अजून बांधायचं होतं. पण ती म्हणाली, "जाऊ या. मलाही तुमच्याशी बोलायचंय."

पंधरा वर्षांच्या अवनीला विचारलं तर तिने पुस्तकातून मानही वर केली नाही. "You guys go. I have a maths test." दोन दिवस ती खालच्या मजल्यावर मैत्रिणीकडे राहणार असं ठरलं.

बेट जवळ आलं तसा विजयकुमार बोटीतच उठून उभा राहिला. इथे अकरा मीटर पाणी होतं, तो सांगत होता, त्या तिकडे वाळू उपसणारा आमचा बार्ज उभा असायचा. नारळाची झाडं जहाजाने आणलेली, वर्षभर दोऱ्यांनी बांधून ठेवली तेव्हा कुठे धरली. सुनेत्रा ऐकत होती. रिसॉर्ट जवळजवळ रिकामं होतं. तलावाकाठच्या चाळीस खुर्च्यांपैकी तीनच भरलेल्या. शहाळ्याचे पस्तीस दिरहम ऐकून तो मोठ्याने म्हणाला, "म्हणजे पावणेपाचशे रुपये. अगं, एवढ्यात कोथरूडला अख्खा घड येईल." ती हसली. तिला हसताना बघून त्याला फार बरं वाटलं.

त्या संध्याकाळी तोच बोलत राहिला. पुण्यात गेल्यावर कन्सल्टिंगचं काम बघायचं, सकाळी दोघांनी टेकडीवर जायचं, दुपारी एकत्र जेवायचं. "आपण असं राहिलोच कुठे सुनेत्रा? महिन्यातले वीस दिवस मी समुद्रात."

"हो," ती म्हणाली. "उद्या बोलू."

दुसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर दोघं लाटा अडवण्यासाठी रचलेल्या दगडांच्या बांधावरून चालत टोकापर्यंत गेले. तिथे बसल्यावर तिने सांगितलं. ती ज्या शाळेत हिंदी शिकवत होती, ती शाळा तिला स्वतःचा व्हिसा द्यायला तयार होती. कागद सही होऊन आले होते. अवनीलाही तिच्याच नावावर ठेवता येणार होतं.

"बरोबर आहे," विजयकुमार म्हणाला. "अवनीची शाळा मध्येच तोडण्यात अर्थ नाही. दोन वर्षं मी एकटा काढीन. मग तुम्ही या."

"अवनीसाठी नाही राहत मी. मी येणार नाहीये. नंतरसुद्धा नाही."

त्याला आधी कळलंच नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती शांत होती, रात्रभर झोपली नसावी असे डोळे.

"माझं काय चुकलं?"

"तुम्हाला माहीत आहे."

त्याला माहीत होतं. आठ वर्षांपूर्वी, २००१ च्या जानेवारीत, त्यांचा दोन वर्षांचा मुलगा तनिष एका दिवसाच्या तापात गेला. ताप मेंदूत चढला होता. विजयकुमारला बार्जवर रेडिओवरून निरोप मिळाला तेव्हा समुद्र खवळलेला होता, बोट निघणं शक्य नव्हतं. तो घरी पोचला तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. तोवर बापाने करायचं ते सगळं त्याच्या ऑफिसातल्या मुरलीधरने केलं होतं. बोटच आली नाही, असं त्याने सुनेत्राला सांगितलं होतं. सगळ्यांनाच सांगितलं होतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला," सुनेत्रा म्हणाली. "पहिली बोट नऊला आली. मुरलीधरभाऊजी तुम्हाला घ्यायला जेटीवर उभे होते. चौदा माणसं उतरली. तुम्ही नव्हतात."

"त्याने तुला सांगितलं?"

"त्याच दिवशी. त्यांना काय ठाऊक, तुम्ही मला वेगळं सांगणार आहात."

खाली दगडांमध्ये पाणी आत शिरत होतं, बाहेर येत होतं. तो म्हणाला, "बॅग हातात होती माझ्या. शिडीपर्यंत गेलो. सगळे चढले, मला हाक मारत होते. मला उतरवेना. घरी गेलो की तो नाहीये हे खरं होणार होतं. तुझ्यासमोर कसा उभा राहणार होतो? मी केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं."

"एवढंच हवं होतं मला. तेव्हा सांगितलं असतंत तर मी तुम्हाला जवळ घेतलं असतं. खरंच घेतलं असतं. वर्षभर वाट बघितली. मग दोन वर्षं. मग वाट बघायची सवयच गेली."

"मग तेव्हाच का नाही गेलीस?"

"तेव्हा माझा व्हिसा तुमच्या नावावर होता," सुनेत्रा म्हणाली. त्यात राग नव्हता. "आणि माहेरी काय सांगणार होते? की नवरा उशिरा आला?"

तो रडायला लागला. त्याला रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं, तनिष गेल्यावरही नाही. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. मग त्याने आठ वर्षांत एकदाही न विचारलेली गोष्ट विचारली. शेवटी तनिष काही बोलला का.

"पाणी मागितलं," ती म्हणाली. "मी चमच्याने दिलं. मग तुमच्याबद्दल विचारलं. बाबा बोटीत? मी म्हटलं, हो, येतोय. तर म्हणाला, माझी पण बोट. मग झोपला."

ऊन चढेपर्यंत दोघं तिथेच होते. तिने त्याला सगळं सांगितलं. कुठला शर्ट घातला होता, नर्सने केस कसे नीट केले, अवनीला कोणी कसं सांगितलं. तोही एकेक विचारत राहिला. लग्नाच्या सतरा वर्षांत ते एकमेकांच्या इतके जवळ कधी बसले नव्हते. म्हणून त्याला उगाच आशा वाटली.

"आता तर बोललो ना आपण," तो म्हणाला.

सुनेत्राचे डोळे भरून आले. "हो. बरं झालं बोललो. पण माझं ठरलंय हो."

दुपारच्या बोटीने परत जाऊ, असं तो म्हणाला. तिला ते नको होतं. लवकर गेलो तर अवनी विचारेल. म्हणून ते राहिले. संध्याकाळी जेवायला गेले तर टेबलावर फुलांच्या पाकळ्या पसरलेल्या होत्या. पाहुणे इतके कमी होते की वेटर लोक प्रत्येक जोडप्याचं काहीतरी करत होते. केरळचा एक हसरा वेटर कॅमेरा घेऊन आला आणि "सर, थोडा पास आइए ना मॅडम के" म्हणाला. विजयकुमार खुर्ची सरकवून जवळ बसला. फोटो चांगला आला.

एप्रिलच्या शेवटी तो पुण्याला गेला. विमानतळावर अवनीने त्याला घट्ट मिठी मारली आणि "Two years, Baba, that's nothing" म्हणाली. तिला अजून काही सांगितलं नव्हतं. सुनेत्राने डब्यात दशम्या दिल्या होत्या, रस्त्यात त्याला बाहेरचं खाल्लं की त्रास होतो म्हणून.

दोन वर्षांनी पुण्यातच संमतीने घटस्फोट झाला. भांडण नव्हतं. वकिलाने तर विचारलं, तुम्ही नक्की विचार केलाय ना. विजयकुमारने सुनेत्राकडे पाहिलं. तिने मान हलवली, मग त्यानेही हलवली.

पुढे त्याला परत अमिरातीत, फुजैराच्या बंदरात गाळ काढायचं काम मिळालं. अवनी सुट्टीत त्याच्याकडे येऊन राही. सुनेत्राला तो क्वचितच भेटे, तेही अवनीच्या निमित्ताने. मात्र तनिषच्या वाढदिवसाला तिचा फोन न चुकता यायचा.

"चौदा झाला असता आज," एका वर्षी ती म्हणाली.

"उंच झाला असता. तुझ्या भावासारखा."

"आवाज फुटला असता नाही आता?"

"हो. फुटतो या वयात."

पाच-सात मिनिटं ते त्याच्याबद्दल बोलले. मग तिने विचारलं, जेवलात का. तो हो म्हणाला. आणखी काय विचारायचं ते दोघांनाही सुचेना, तेव्हा तिने "ठेवते" म्हटलं.