मी वाकलेला नाही

मित्रांनो, मी गेवराईतल्या एका पीठगिरणीचा जुना शाफ्ट आहे. जुना म्हणा, पण वाकलेला म्हणू नका. त्या एका शब्दापायी मी भंगारात जाणार होतो.

मैनुद्दीन मिस्त्रींनी मला लेथवर घडवले. मोटारीचा पट्टा मला फिरवतो आणि मी जाते फिरवतो. दोन्ही टोकांना मला पेलणाऱ्या पितळी नळ्या, म्हणजे बुश, आहेत. त्यांच्या आणि माझ्या मधल्या केसाएवढ्या फटीत तेल असते. एकोणतीस वर्षे मी मालकीण रुक्मिणीबाईंच्या गिऱ्हाइकांची बाजरी दळली. "माझा शाफ्ट कधी रुसला न्हाई," असे त्या सगळ्यांना सांगत.

यंदा मात्र मोटार तापून बंद पडू लागली. बायका भरलेले डबे तसेच परत नेऊ लागल्या. गिरणीची देखभाल करणारा अभिमन्यू मला हातही न लावता म्हणाला, "मावशी, शाफ्ट वाकलाय. भंगारात घाला." आणि त्यानेच तर हिवाळ्यात माझ्या बुशमध्ये ट्रॅक्टरच्या गिअरचे घट्ट तेल ओतले होते!

रुक्मिणीबाईंनी मिस्त्रींना निरोप धाडला. ते थकले होते, म्हणून इंजिनिअर झालेली त्यांची लेक आफ्रीन आली. तिने वाकडेपणा मोजणारा डायल लावून मला हळूहळू फिरवले. काटा हलला नाही.

"सरळ हाय ह्यो," ती म्हणाली.

"मग मोटार कावून तापायली?" रुक्मिणीबाईंनी विचारले.

"तेल लई घट्ट हाय, खाला. बुशला चिकटलेलं तेल जागेवर राहतं, शाफ्टला चिकटलेलं फिरतं. मधले थर एकमेकांला ओढतात, त्यात ताकद जाते."

तिने माझी जाडी, बुशची लांबी, फट आणि वेग मोजला. तेलाचा घट्टपणा धरून भिंतीवर खडूने आधी तेलाची ओढ काढली, मग तिला माझ्या वेगाने गुणले. पाचशे ऐंशी वॉट आले. मोटारीची चौथाई ताकद नुसते तेल तापवण्यात जात होती.

"आकड्यानं गिरणी चालत न्हाई," अभिमन्यू पुटपुटला.

"मग चालवूनच बघू."

तिने बुश धुतले आणि पाचपट पातळ तेल घातले. वाया जाणारी ताकदही एक पंचमांशावर येणार होती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी अखंड फिरलो. अभिमन्यूने बुशवर हात ठेवला. हात भाजला नाही. "माझंच चुकलं, मावशी," तो खाली बघून म्हणाला.

मित्रांनो, माझ्यावर दया करू नका. भंगारात टाकण्याआधी मला मोजा. खरोखर झिजेन तेव्हा मीच खडखडून सांगेन. तोवर मला माझे तेल द्या आणि तुमचे डबे आणा.