देवमाशाचा डावा डोळा

संचालकांच्या निरोप समारंभाचं आइस्क्रीम ठेवायला जागा हवी, म्हणून समुद्रसंशोधन संस्थेच्या डीप फ्रीझरमधून काळ्या पिशवीत गुंडाळलेलं एक पुडकं बाहेर काढलं गेलं आणि मागच्या व्हरांड्यात, मोडक्या खुर्च्यांशेजारी, भर उन्हात ठेवलं गेलं. त्यात देवमाशाचा डावा डोळा होता.

तो ठेवणाऱ्या बाईंना सगळे 'डोळेवाल्या बाई' म्हणत. समुद्रातले प्राणी पाण्याखाली कसे बघतात, हा त्यांचा विषय. कासवं झाली, सील झाले; देवमाशाचा डोळा मात्र काही केल्या हाती लागत नव्हता. किनाऱ्याला लागलेला देवमासा बहुधा कुजूनच येतो आणि डोळा तर सगळ्यात आधी जातो. दीड महिन्यापूर्वी त्यांचं नशीब उघडलं. रात्री मेलेला देवमासा पहाटे वाळूवर सापडला. पशुवैद्य ओळखीचे, त्यांनी ताबडतोब फोन केला आणि ऊन चढायच्या आत, पापणी मिटलेली असतानाच, चरबीच्या जाड थरातून डोळा सोडवून दिला. मोठ्या संत्र्याएवढा. उजवी बाजू वाळूत रुतलेली होती, आणि क्रेन आली ती त्याला थेट पुरायच्या खड्ड्यात लोटायलाच. त्यामुळे एकच डोळा मिळाला.

डोळ्याच्या पडद्यात उजेड पकडणारं एक रंगद्रव्य असतं. कोणता उजेड ते जास्त पकडतं हे मोजायचं, तर डोळा गोठलेला आणि अंधारात राहिला पाहिजे. मोजणीच्या यंत्रावर बाईंना पुढच्याच आठवड्यातली वेळ मिळाली होती.

दुपारी त्या फ्रीझर बघायला गेल्या, तर आत व्हॅनिलाचे डबे. व्हरांड्यातलं पुडकं त्यांना माश्यांच्या घोंघावण्यावरून सापडलं. गाठ सुटलेली होती. आत काय आहे ते कोणीतरी डोकावून बघितलं होतं. डोळा मऊ पडला होता, पाणी सुटलं होतं, वास मारत होता. बाई उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ उठल्याच नाहीत.

हेडक्लार्कने हात वर केले. साहेब म्हणाले वरचा कप्पा मोकळा करा, आपण केला. पिशवीवर 'डोळा आहे, हलवू नका' असं लिहिलेलं वाचलं नाही का, असं विचारल्यावर तो म्हणाला, वाचलं की, म्हणून तर कचऱ्यात टाकलं नाही.

बाई तशाच संचालकांच्या खोलीत गेल्या. ते आरशासमोर टाय नीट करत होते. झालं ते ऐकून त्यांनी चुकचुक केली; पण ती सांडलेल्या चहासाठी करावी तशी.

"अहो बाई, एवढं काय मनाला लावून घेता? देवमासे कानाने बघतात, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे."

"दातवाले आवाज सोडून शिकार शोधतात, सर. हा बिनदाताचा होता. तो बारीक कोळंबीचे थवे गाळून खातो. त्याला थवा दिसावा लागतो."

"बरं, मग डोळे दोन असतात ना? दुसरा काढा."

बाईंची कानशिलं तापली. दीड महिना वाळूखाली दडपलेल्या प्राण्याचा डोळा काढा, म्हणे. ज्याने आयुष्यभर समुद्राच्या नावाने पगार घेतला, त्याला मेलेल्या डोळ्याचं काय होतं एवढंही ठाऊक नव्हतं. की ठाऊक असून फरक पडत नव्हता? त्यातलं वाईट कोणतं, हे त्यांना ठरवता येईना.

संध्याकाळी सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. ज्याला दोन शब्द बोलायचे असतील त्याने यावं, असं हेडक्लार्कने जाहीर केलं. एकाने साहेबांच्या शिस्तीचं कौतुक केलं, दुसऱ्याने दिलदारपणाचं. पेल्यांतून आइस्क्रीम फिरू लागलं, तेव्हा डोळेवाल्या बाई उठून माईकपाशी गेल्या.

त्यांनी आवाज चढवला नाही. खोल पाण्यात फक्त निळसर उजेड उरतो, त्या म्हणाल्या. कोळंबी तांबूस असते, आणि तांबूस अंग निळा उजेड गिळून टाकतं. खालून वर बघणाऱ्या देवमाशाला ती उजळ पाण्यावर काळ्या डागासारखी दिसत असावी. आभाळात पाखरांचा थवा दिसतो तशी. त्याला रंग कळत नसावेत, पण हा काळा डाग त्याच्या पोटापाण्याचा. हे खरं की माझी नुसती समजूत, ते पुढच्या आठवड्यात कळणार होतं. आता कळणार नाही.

"तुमच्या हातातलं आइस्क्रीम ज्या जागेवर ठेवलं होतं, तिथे तो डोळा होता," त्या म्हणाल्या. "चवीने खा."

पुढच्या रांगेतल्या ग्रंथपाल बाईंनी पेला खुर्चीखाली ठेवला. बाकीच्यांनी खाल्लं. संचालक हसून शेजाऱ्याच्या कानात काहीतरी बोलले, आणि शेजारीही हसला.

दुसऱ्या दिवशी उपसंचालकांनी बोलावून घेतलं. जाणाऱ्या माणसाचा अपमान शोभत नाही, माफी मागून मोकळ्या व्हा, असं त्यांनी गोडीत सुचवलं. बाईंनी साफ नकार दिला. मग उपसंचालक स्वतः संचालक झाले आणि पहिल्याच महिन्यात बाईंची रवानगी तळमजल्यावरच्या प्रदर्शनात झाली. तिथे सहलीला आलेल्या मुलांना बरणीतले जेलीफिश दाखवायचे आणि काचेला हात लावू नका म्हणून ओरडायचं. नवऱ्याने नोकरी सोड म्हणून सांगून पाहिलं. बाई म्हणाल्या, मी का सोडू? माझं काय चुकलं?

वर्ष उलटलं, आणि एका सकाळी पशुवैद्यांचा पुन्हा फोन आला. या वेळी मादी होती, नुकतीच मेलेली, पोटावर पडलेली. दोन्ही डोळे मिळण्यासारखे होते. बाईंनी रजा टाकली आणि दोन्ही डोळे संस्थेत न नेता सरळ घरी नेले.

दार सासूबाईंनी उघडलं. सासूबाई म्हणजे भांड्याला कुणाचा नुसता हात लागला तरी ते धुऊन ठेवणाऱ्या. सुनेच्या हातातल्या काळ्या पिशव्या बघून त्यांनी काय ते ओळखलं.

"आई, दोनच दिवस. फ्रीझरमध्ये. चालेल का?"

सासूबाईंनी मटार, गोठवलेलं मांस, बर्फाचे ट्रे, सगळं ओट्यावर काढलं, फ्रीझर आतून पुसला आणि बाजूला झाल्या. वर नातवंडांना बजावलं, की दार उघडलंत तर माझ्याशी गाठ आहे.

मोजणी पशुवैद्यांच्या कॉलेजात झाली, मंद लाल दिव्यात. रंगद्रव्य निळसर उजेडच सगळ्यात जास्त पकडत होतं. मादीच्या पोटातल्या कोळंबीचं अंग नेमका तोच उजेड गिळत होतं. त्या डोळ्याला ती काळीच दिसणार होती. समजूत खरी ठरली.

बातमी छापून आली आणि संस्थेला एकदम बाईंची आठवण झाली. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर देवमासा झळकला. 'आमच्या संस्थेचं संशोधन', खाली माजी संचालकांच्या प्रोत्साहनाबद्दल आभार. बाई अहवाल घेऊन तडक वर गेल्या आणि हे खोटं आहे, काढून टाका, म्हणाल्या. नवे संचालक गोंधळले. संस्थेचं नाव झालं, तुम्हाला वरची खोली परत देतोय, आणखी काय हवं, असं त्यांनी विचारलं.

"आभार काढा," बाई म्हणाल्या. "खोली नंतर बघू."

आभार काढले नाहीत. अहवाल छापून झाले होते. खोली मात्र मिळाली.

त्या संध्याकाळी जेवताना नवरा म्हणाला की शेवटी सगळं भल्यासाठीच झालं. पहिला डोळा गेला म्हणून तर दोन मिळाले.

बाईंनी घास खाली ठेवला. "भलं कुठे झालं? तो प्राणी मेला, त्याचा डोळा आपण काढून घेतला आणि आइस्क्रीमसाठी उन्हात टाकला. दुसरीचे मिळाले म्हणून त्याचा वाया गेला नाही, असं होतं का?"

सासूबाईंनी आपल्या मुलाकडे बघून मान हलवली आणि सुनेच्या ताटात भात वाढला. बाई जेवल्या, पण संताप काही गेला नाही, आणि तो जावा असं त्यांना वाटतही नव्हतं.