आजीची मागची जागा

मी इअरफोन बोलतोय. उजवा आणि डावा मिळून एकच जीव. दोघांनाही बाहेरून बारीक माइक आहेत, म्हणून मी नुसता ऐकवत नाही, ऐकून ठेवतोही. आवाज एका कानाला केसभर आधी पोचतो, पाळीला घासून जरा बदलतो. तेवढ्यावरून माणसाला कळतं, कोण कुठे बसलंय. माझी विद्या एवढीच.

नाशिकच्या तेजलने मला घेतलं आणि माहेरी, देवळ्याला नेलं. तिची आई सुलाबाई मागे बसून तिची वेणी घालत होती.

“कानात काय बोळे कोंबले गं? आईचं ऐकायचं नाय म्हणून?”

“तुझंच ऐकायला घातलेत, आई.”

“मग हालू नको. भांग वाकडा झाला तर माझ्याच नावानं बोंबलशील.”

कंगव्याची खरखर, उजव्या खांद्यावरून डाव्याकडे गेलेल्या बांगड्या, सगळं मी टिपलं.

त्याच हिवाळ्यात सुलाबाई गेल्या. तेजलने ते रेकॉर्डिंग आपल्या लेकीला, छोट्या सृष्टीला ऐकवलं. आधी मला तीनदा पुसलं, आवाज अगदी बारीक केला. सृष्टी झटकन मागे वळली.

“मम्मी, आजी मागे बसलीय!”

तेजल हरखायचं सोडून घाबरली. पोरीच्या मनावर परिणाम झाला तर? मी डबीत गेलो, डबी कपाटात.

मग तिच्या भावाने, संघर्षने, रेकॉर्डिंग मागितलं. “ताई, फाइल मोठीये, जात नाहीये. छोटी करून टाक ना.” तिने केली. त्यात डावी-उजवी बाजू एकात मिसळली. मोबाईलच्या स्पीकरवर लावून पाहिलं तर शब्द सगळे जागेवर, म्हणून तिला कळलं नाही. पुढे मोबाईल भरला आणि तिने मोठी फाइल पुसली. तेच दोनदा कशाला? कपाटातून मी कसा ओरडणार होतो?

परवा सृष्टी हट्टाला पेटली, “आजीला मागे बसव!” मला बाहेर काढलं. शब्द तेच, बांगड्या त्याच. सृष्टी वळली नाही.

“आजी डोक्यात बसलीय, मम्मी. मागे नाहीये.”

तेजलने उजवा-डावा बदलून पाहिला. आवाज वाढवला, लगेच घाबरून कमी केला. “हेच बिघडले असतील,” ती पुटपुटली. बिघडलो असतो तर बरं होतं, बाई. दुरुस्त तरी झालो असतो.

सृष्टी अजून मला घालते. केस मोकळे सोडून भिंतीकडे तोंड करून बसते, मागे एका माणसाची जागा ठेवून. तेजल कंगवा घेऊन दारातच घुटमळते. तिथे आपण बसावं का, तिला ठरवता येत नाही.

बस गं बाई. मी लेकीच्या कानात आहेच. माइक तेवढा चालू कर.