फाटकापलीकडची माती

फाटकावरच्या तरुण पहारेकऱ्याने हात आडवा केला आणि शववाहिका थांबली. मागच्या गाड्याही एकामागून एक थांबल्या.

"पाचपर्यंत मिरवणूक आत सोडायची नाही. गोल्फची स्पर्धा चालू आहे."

इव्हलिना आत्या काठी टेकत गाडीतून उतरल्या.

"मिरवणूक नाही रे बाळा. माझा भाऊ आहे."

बेटावरच्या काळ्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या खाडीकाठीच पुरत आले. पुढे जमिनी गेल्या, त्यांवर बंगले आणि हिरवळ आली, कबरी तेवढ्या आत राहिल्या. आपल्याच मेलेल्यांना भेटायला परवानगी मागायची, काय म्हणावं याला! त्यात चारला भरती येणार होती. मग खणून ठेवलेल्या खड्ड्यात पाणी भरलं असतं आणि आत्यांच्या भावाला, आयझायाला, त्या पाण्यातच सोडावं लागलं असतं.

आत्यांबरोबर निकोलेटही उतरली. ती शहरातून आलेली. नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी काळ्या वस्त्यांत फिरून, नव्या सरकारकडून तुमची पहिली गरज कोणती, एवढंच विचारायचं, हे तिचं काम. आज सगळी वस्तीच मयताला, म्हणून तीही गाडीत बसली होती. आत्यांनी तिला वाटेतच झटकलं होतं, "आधी भावाला मातीत घालू दे, मग तुझं सरकार."

"मी याचा व्हिडिओ काढते," निकोलेट पहारेकऱ्याला म्हणाली.

"काढा की ताई. साहेबांचं काही बिघडणार नाही. नोकरी माझीच जाईल."

तोही काळाच, पुलापलीकडचा. छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, टेव्हिन.

"अगं, मग यालाच विचार ना तुझा प्रश्न," आत्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"का? हा आपला नाही?"

निकोलेटने विचारलं. टेव्हिनने चौकीच्या छपराखालच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"ही नोकरी टिकावी. बायकोला सातवा लागलाय."

आयझायाचा मुलगा रूबेन उसळला. "आत्या, काय ऐकत बसलीस? ढकलू तो फाटकाचा दांडा!"

"गप रे. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही."

आत्यांनी शववाहिकेचं इंजिन बंद करायला सांगितलं. पाच तर पाच. काचेवर तळहात ठेवून त्या उन्हात उभ्या राहिल्या. संताप या पोरावर काढून काय उपयोग? खाडीकडून चिखलाचा वास यायला लागला, पाणी चढत होतं.

चौकीतला फोन वाजला. टेव्हिनने तो उचलला नाही. त्याने कळ दाबली आणि दांडा वर गेला.

"जा मावशी. लवकर जा."

खड्ड्याच्या तळाला ओल होती, पाणी नव्हतं. भरती आली तेव्हा आयझायावर माती पडून झाली होती.

परतताना चौकीत दुसराच माणूस बसला होता. आत्यांनी गाडी थांबवायला लावली.

"इथला मुलगा कुठाय?"

"घरी पाठवला," तो मान वर न करता म्हणाला.

गाडी पुलावर आली तशा आत्या निकोलेटकडे वळल्या.

"काढ तुझा फोन. विचार काय ते."

"पहिली गरज, आत्या?"

"नोकरी."

"तुम्हाला? या वयात?"

"टेव्हिन लिही," आत्या म्हणाल्या. "आडनाव विचारायचं राहून गेलं."